टाच की चवडा? आधी पाऊल कुठे पडतंय ते बघा

'नॅचरल रनिंग' म्हटलं की दोन सल्ले हमखास कानावर येतात. एक, बूट काढा. दोन, टाच टेकवू नका. दोन्ही अर्धवट आहेत. त्यांच्या भरवशावर पळणाऱ्याच्या पोटऱ्या पहिल्याच आठवड्यात भरून येतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो फिजिओथेरपिस्टच्या बाकावर बसलेला दिसतो.

2016 मध्ये मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी पळत आले. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी हौसेनं बूट बाजूला ठेवले. नव्याचे नऊ दिवस झाले आणि बूट परत आले. त्याआधी, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत. हे सगळ्यांना पाठ असतं. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत पुन्हा जिंकला, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. पायात काय आहे यावर त्याचं पळणं अवलंबून नव्हतं.

माझ्या मते नैसर्गिक पळण्याचं सार एवढंच आहे: पाऊल शरीराच्या पुढे लांब न पडता शरीराखाली पडावं, आणि हा बदल पायांना झेपेल इतक्या सावकाश व्हावा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. तुम्ही वर्षानुवर्षं पळताय, काही दुखत नाही आणि वेळही मनासारखी येतेय, तर हात लावू नका. कोणाच्या तरी व्हिडिओत बघितलं म्हणून चालू घडी विस्कटायचं कारण नाही. पुढचं सगळं नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचा गुडघा किंवा नडगी पुन्हा पुन्हा कुरकुरते त्यांच्यासाठी.

आधी स्वतःला पळताना बघा

आपण कसे पळतो याबद्दल आपला अंदाज बहुतेक वेळा साफ चुकीचा असतो. म्हणून पहिलं काम व्हिडिओचं. सपाट रस्ता निवडा. कोणाला तरी आठ-दहा मीटरवर बाजूला उभं करा, मोबाइल कमरेच्या उंचीवर आडवा धरायला सांगा आणि स्लो मोशन लावा. दहा मिनिटं नेहमीसारखं पळून अंग गरम झालं की कॅमेऱ्यासमोरून चार-पाच वेळा जा. कॅमेरा दिसला की सगळेच जरा ऐटीत पळतात, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या सोडून द्या.

आता पाऊल जमिनीला लागतं ती नेमकी फ्रेम थांबवा आणि नडगी बघा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची रेष साधारण उभी असेल तर ठीक. घोटा गुडघ्याच्या बराच पुढे आणि गुडघा जवळजवळ ताठ असेल, तर पाऊल लांब पडतंय. यालाच 'ओव्हरस्ट्रायडिंग' म्हणतात. असं पाऊल म्हणजे दर वेळी ब्रेक दाबून पुन्हा गाडी पळवणं. पळताना जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या साधारण दुप्पट ते तिप्पट जोर परत येतो. सत्तर किलोच्या माणसाला 140 ते 210 किलो, तेही एका पायावर. सावकाश पळणारा एका किलोमीटरमध्ये हजाराच्या आसपास पावलं टाकतो. पाऊल लांब पडत असेल तर यातला बराच भार गुडघ्यावर आणि नडगीवर येतो.

आमच्या ग्रुपमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. अंधारातही ते येताना ओळखू यायचे, कारण त्यांचं पाऊल 'थाप, थाप' असं वाजायचं. व्हिडिओत दिसलं की टाच टेकताना बुटाचा पुढचा भाग तळवा दिसेल इतका वर उचललेला असायचा, मग पूर्ण पंजा खाली आपटायचा. डोकंही प्रत्येक पावलाला वर-खाली हलायचं. "मी तर अगदी हलका पळतो," असं ते त्याआधी सांगत होते! आवाज ही फुकटातली तपासणी आहे. इअरफोन काढा आणि दोन मिनिटं स्वतःचं पाऊल ऐका.

त्याच दिवशी पावलंही मोजा. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजून चारनं गुणा. चाळीस वेळा टेकला तर मिनिटाला 160 पावलं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

कदमतालातून पळण्यात

शाळेत पीटीच्या तासाला 'कदमताल' करायचो, तोच इथे उपयोगी पडतो. जागच्या जागी पळताना पाऊल पुढे टाकताच येत नाही. ते शरीराखालीच पडतं, आणि बहुतेकांचं आपोआप चवड्यावर पडून टाच हलकेच टेकते. कोणी शिकवावं लागत नाही.

करायचं असं. बूट काढून घरात किंवा गवतावर ताठ उभे राहा. कोणीतरी डोक्याच्या मागच्या भागाला धरून वर ओढतंय असं समजा. छाती पुढे काढू नका, पोट आत ओढू नका, फक्त उंच व्हा. आता जागच्या जागी हलकेच पळा, पाय घोट्याच्या उंचीपर्यंतच उचला. वीस सेकंद झाले की घोट्यातून किंचित पुढे झुका. कमरेतून वाकायचं नाही. टाचेपासून डोक्यापर्यंत एकच सरळ रेष राहिली पाहिजे. झुकलात की शरीर आपोआप पुढे जायला लागतं आणि पाय त्याच्याखाली येत राहतात. तसेच वीस-तीस मीटर जा, थांबा, चालत परत या. असं सहा वेळा.

झुकायचं किती, असं प्रत्येक जण विचारतो. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहून सरळ झुकून बघा. तोल जाऊन हात टेकावा लागेल त्याच्या बऱ्याच अलीकडचा कोन पुरतो. सावकाश पळताना तो बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मुद्दाम झुकून पळणारे बहुतेक कमरेत वाकलेले असतात, आणि संध्याकाळी त्यांची पाठ धरते.

दोरीवरच्या उड्या हा याचाच जोडव्यायाम. रोज दोन-तीन मिनिटं, दोन्ही पायांनी, उडी जमिनीपासून जेमतेम बोटभर. वर सांगितलेल्या काकांना बोलण्यातून जे समजलं नाही ते दोरीनं दोन आठवड्यांत समजावलं.

ताल: पाच टक्के, जास्त नाही

लांब पाऊल आखूड करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावलं, म्हणजे ताल, वाढवणं. इथे 180 हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. तो आला जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकाच्या निरीक्षणातून. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यानं धावपटूंची पावलं मोजली आणि जवळपास सगळे 180 किंवा त्याच्या वर निघाले. पण ते ऑलिंपिकमधले लोक होते आणि शर्यतीच्या वेगानं पळत होते. आठ मिनिटांत एक किलोमीटर पळणाऱ्या सहा फुटी माणसानं 180 चा हट्ट धरला तर तो फक्त धापा टाकेल.

तुमचा आकडा 160 असेल तर 168 गाठा. पाच टक्के, फार तर पुढे कधीतरी दहा. ब्रायन हायडरशाइट आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास नेमका यावरच आहे. वेग तोच ठेवून पावलं पाच ते दहा टक्के वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, असं त्यात दिसलं.

मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं, कुठलंही फुकट अॅप घ्या आणि 168 वर लावा. नेहमीच्या पळण्यात दहाव्या मिनिटाला सुरू करून पाच मिनिटं त्या ठोक्यावर पळा. बंद करा, पाच मिनिटं तसंच टिकवायचा प्रयत्न करा, मग सोडून द्या. आठवड्यातून तीनदा पुरे. पहिले काही दिवस आपण चिमण्यांसारखं टुकुटुकु पळतोय असं वाटतं आणि दमही जास्त लागतो. साधारण महिन्या-दीड महिन्यात ते अंगवळणी पडतं. एक काळजी घ्या: ताल वाढवताना नकळत वेग वाढतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघत राहा.

मग टाच टेकवायची की नाही?

यावर सकाळच्या चहाच्या टपरीवर जितकी भांडणं होतात तितकी राजकारणावरही होत नसतील.

2010 मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा शोधनिबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला आणि चवड्याच्या पंथाला बळ मिळालं. लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा पूर्ण पंजावर उतरतात, आणि टाच आधी टेकल्यावर जो अचानक धक्का बसतो तो त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही, असं त्यात होतं. ते खरंच आहे. पण 2013 मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास झाला. तेही जन्मभर अनवाणीच वावरणारे. त्यांच्यातले बहुसंख्य स्वतःच्या आरामाच्या वेगानं पळताना टाच आधी टेकवत होते. वेग वाढला तसं टाच आधी टेकवण्याचं प्रमाण कमी झालं. जपानमधल्या एका हाफ मॅरेथॉनमध्ये पंधराव्या किलोमीटरवर अव्वल धावपटूंचे पाय कॅमेऱ्यानं टिपले, तर त्यातले सुमारे 75 टक्के टाचेवर उतरणारे निघाले. म्हणजे वेग, जमीन, दमणं, सवय या सगळ्यांनी पाऊल बदलतं. एकच बरोबर पाऊल असं काही नसतं.

टाच हलकेच लागतेय, नडगी उभी आहे, गुडघा किंचित वाकलेला आहे: काही बिघडलेलं नाही. उलट चवडा आधी टेकवायचा म्हणून पाय लांब टाकून पंजा खाली ताणणारे लोक मी बरेच बघतो. बॅले नाचल्यासारखं दिसतं ते. पाऊल लांबच राहतं, वर सगळा भार पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलिस टेंडनवर जातो. चवड्यावर उतरून टाच हवेतच ठेवणं हे आणखी वाईट. कुठल्याही सावकाश पळण्यात टाच जमिनीला लागलीच पाहिजे, मग आधी लागो वा नंतर.

म्हणून पळताना पंजाचा विचारच करू नका. ताल आणि उंच शरीर एवढं सांभाळा. पाऊल आपली जागा शोधतं.

वरचं अंग

इथे फार बोलण्यासारखं नाही. कोपर साधारण काटकोनात, हात पुढे ढकलण्यापेक्षा कोपर मागे ओढायचं, मुठी छातीच्या मधल्या रेषेपलीकडे जाऊ द्यायच्या नाहीत. मूठ सैल. खांदे कानाकडे चढले की एक मोठा श्वास सोडून ते खाली टाका. नजर वीस-पंचवीस मीटर पुढे, अर्थात आपल्या रस्त्यांवर खड्डे आणि कुत्री बघत. हातात मोबाइल किंवा बाटली धरून पळणाऱ्याचा तो हात हलायचा थांबतो आणि त्याची भरपाई विरुद्ध बाजूचा खुबा करतो. कमरेचा पट्टा दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

रस्त्याचंही बघा. आपले डांबरी रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेनं पळायचं, हे बरोबरच. पण त्यामुळे रोज एकच पाय खालच्या बाजूला पडतो. आठवड्यातले निदान दोन दिवस मैदानावर, ट्रॅकवर किंवा टेकडीच्या पायवाटेवर जा.

पाय तयार करणं

तंत्र बदललं की गुडघ्यावरचा भार नाहीसा होत नाही, त्यातला काही घोट्याकडे आणि पोटरीकडे सरकतो. पोटरी तयार नसेल तर एक दुखणं जाऊन दुसरं येईल. आधी कळस मग पाया असा प्रकार इथे फार चालतो.

जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून उभे राहा, टाचा बाहेर हवेत. कठड्याला हात. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. आधी दोन्ही पायांवर 15-15 चे तीन सेट. ते सहज झाले की एका पायावर. गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून, दोन्ही तऱ्हेनं करा, कारण वाकलेल्या गुडघ्यानं पोटरीतला आतला, खोलवरचा स्नायू कामाला लागतो. पळताना बराच भार तोच पेलतो. एका पायावर सलग वीस-पंचवीस निघाले की पोटरी तयार आहे असं धरा. पहिल्यांदा करून बघितल्यावर बाराव्या-तेराव्यालाच पाय थरथरायला लागला तर नवल नाही.

उकिडवं बसणं ही आपल्याकडची जुनी मिळकत, खुर्च्यांनी आणि कमोडनं घालवलेली. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसता येत नसेल तर बहुधा घोटा आखडलाय. दाराची चौकट धरून रोज मिनिट-दोन मिनिटं बसा. गुडघा आधीच दुखत असेल त्यांनी हे करू नये. त्यांनी भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि पाऊल हळूहळू मागे सरकवत जावं.

दात घासताना एका पायावर उभं राहायचं, दोन मिनिटांत पाय बदलत. अनवाणी. पायाचा अंगठा जमिनीत दाबला जातोय का ते बघा.

अनवाणी: औषध म्हणून, मात्रेत

अनवाणी पळणं हा माझ्या दृष्टीनं शिकवणारा मास्तर आहे, रोजचा पोशाख नव्हे. चूक झाली की तळव्याला लगेच कळतं, जाड बुटात ते कळत नाही.

पहिले दोन आठवडे फक्त चाला, घरात आणि गवतावर, रोज पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर एक दिवसाआड, नेहमीच्या पळण्याच्या आधी, अंग गरम करून, पन्नास-साठ मीटरच्या चार सावकाश धावा. दमलेल्या पायांनी हे शिकू नये. पोटरी दुसऱ्या दिवशी शांत असेल तर आठवड्याला एखाद-दुसरं मिनिट वाढवा. तीन महिन्यांत सलग दहा-पंधरा मिनिटं अनवाणी पळता आलं तर भरपूर झालं. त्यापुढे जायलाच हवं असं नाही.

जागा महत्त्वाची. कापलेलं गवत, सिंथेटिक ट्रॅक, किंवा ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू. कोकणातल्या लोकांची इथे चैन आहे, फक्त उतरत्या किनाऱ्यावर जाताना आणि येताना बाजू बदला. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि अकिलिसवर ताण येतो. देशावरच्या मैदानात आधी एक फेरी चालत मारून गोखरू, बाभळीचे काटे आणि काचा बघून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही आठवा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी अजिबात नको. तळव्याला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, मुंबईकरांना हे सांगायला नको. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी पळायचंच नाही. त्यांना काटा रुतलेला कळत नाही.

बूट

बूट घेताना 'ड्रॉप' विचारा. टाचेखालची आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक. नेहमीच्या बुटांत तो बहुधा 8 ते 12 मिलिमीटर असतो, 'मिनिमल' बुटांत 0 ते 4. दहावरून एकदम शून्यावर उडी मारू नका. 2013 मध्ये सेरा रिज आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या बुटांतून दहा आठवड्यांत मिनिमल बुटांत गेलेल्यांचे एमआरआय काढले, तेव्हा त्यातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. फ्रॅक्चरच्या दिशेनं टाकलेलं ते पहिलं पाऊल. जुनी जोडी वापरातच ठेवा आणि नवी आठवड्यातून एखाद्या छोट्या धावेला घाला.

बोटांना पसरायला जागा हवी, हे ड्रॉपपेक्षाही महत्त्वाचं. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल किंचित फुगलेलं असतं. अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट पातळ आणि सपाट असतात, स्वस्तही, पण पुढे फार निमुळते. मेक्सिकोतले रारामुरी लोक जुन्या टायरच्या तळव्यांच्या चपला घालून डोंगरातून मैलोन्मैल पळतात. आपल्याकडेही टायरच्या चपला होत्याच.

कुठलं दुखणं सोसायचं, कुठलं नाही

दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या, दाबल्यावर सगळीकडे दुखतंय आणि दोन दिवसांत उतरतंय: सोसा, तेवढे दिवस चाला. पण पायाच्या वरच्या बाजूला किंवा नडगीच्या हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणं. पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये असं बारीक फ्रॅक्चर दिसेलच असं नाही, त्यामुळे 'एक्स-रे स्वच्छ आहे' एवढ्यावर परत पळायला लागू नका. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेच्या तळाशी किंवा मागे कळ येत असेल तर अनवाणी आणि चढाचं पळणं थांबवून बाकीचं पळणं निम्म्यावर आणा. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर दाखवा.

चढ, उतार आणि शर्यत

चढावर लांब पाऊल टाकणं अवघड असतं, म्हणून चढ हा चांगला गुरू. मध्यम चढावर तीस सेकंदांच्या सहा धावा, चालत खाली. आठवड्यातून एकदा. पुण्यात टेकड्या आहेत, नाशिक-साताऱ्याला तर विचारायलाच नको.

उतारावर मात्र भलेभले मागे रेलतात आणि टाच रोवतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना शाबूत असलेल्या मांड्या उतरताना संपतात त्या यामुळे. उतारावर ताल चढापेक्षाही जलद ठेवा, पावलं आखूड, हात जरा पसरलेले, नजर दूर. शरीर उताराला काटकोनात राहू द्या.

शर्यतीत एवढं सगळं लक्षात ठेवायला जाऊ नका. नवीन तंत्रानं निदान तीन महिने पळून झाले नसतील तर त्या शर्यतीत जुन्याच सवयीनं पळा. झाले असतील तर एकच सूचना निवडून ठेवा, 'उंच' किंवा 'ताल'. मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरात परतीचा पेडर रोडचा चढ पाय संपत आल्यावर येतो. तिथे माणसं कमरेत मोडतात आणि पाय फरफटत ओढतात. चढ सुरू व्हायच्या थोडं आधी वीस पावलं मनात मोजा, कोपरं मागे ओढा आणि चढावर वेग पडू द्या, पण पावलांची संख्या पडू देऊ नका.